एकहाती गाडी

माझ्या नवऱ्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पाहिला नाही असा माणूस धामणगाव बढ्यात सापडायचा नाही. बी-बियाणं आणि खताचं दुकान, आजूबाजूच्या दहा गावांचं गिऱ्हाईक, त्यामुळे नंबर सगळ्यांकडे. फोटोत देवानंदराव आमच्या पांढऱ्या गाडीपाशी उभे आहेत. बॉनेट उघडं, कपाळाला टिळा, एका हातात फोडलेला नारळ, दुसरा हात कमरेवर, छाती पुढे, पोट आत. पोट आत जाईपर्यंत मला चार वेळा बटण दाबावं लागलं होतं. दसऱ्याच्या सकाळी औक्षणाचं ताट खाली ठेवून मी तो फोटो काढला, आणि तेव्हापासून तो त्यांच्या नावापुढे गोल होऊन बसला होता.

गाडी जुनीच घेतलेली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "एकहाती गाडी हाय भाऊ. डॉक्टरसायबानं एकट्यानंच चालवली, दुसरा हात लागला नाई." त्या एका शब्दानं देवानंदराव जे पाघळले ते पाघळलेच. गाडी चालवणाऱ्याचा हात ओळखते, हात बदलला की बिघडते, हे ज्ञान ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला युरियाच्या पोत्याबरोबर फुकट द्यायला लागले. मी एकदा विचारलं, की डॉक्टरांचा हात जाऊन तुमचा आला तेव्हा गाडी गप्प कशी बसली? त्यावर ते म्हणाले, "तुले समजत नाई त्यातलं." आमच्या घरात वाद संपवायची हीच पद्धत आहे.

मी नर्स आहे. माझं उपकेंद्र धामणगावपासून चौदा किलोमीटर आत, जिथं एसटी फाट्यापर्यंतच जाते, तीही मनात आलं तर. दुकान घराच्या खालीच असल्यामुळे गाडी आठवडाभर अंगणात आवरण घालून उभी असायची आणि आवरणावर कोंबड्या बसायच्या. मे महिन्यात मी मोताळ्याला जाऊन महिनाभर शिकले, जूनमध्ये लायसन काढलं आणि कोंबड्या उठवल्या. देवानंदराव तेव्हा काही बोलले नाहीत. बहुतेक त्यांना वाटलं होतं, ही आठ दिवसांत कुठंतरी ठोकून येईल आणि विषय मिटेल.

मी ठोकली नाही. उलट मला गाडी चालवायला फार आवडायला लागलं. एकेचाळीस वर्षं मी कोणाच्या तरी शेजारी नाहीतर मागे बसत आले होते. आता लसीची निळी पेटी शेजारच्या सीटवर पट्टा लावून ठेवायची, काच खाली करायची आणि आठच्या ठोक्याला उपकेंद्रावर. कापूस वेचायला बाया नऊला निघतात. त्याआधी बाळांना टोचून व्हायचं, बाया आपल्या कामाला, मी माझ्या कामाला. दसऱ्यापर्यंत माझ्या गावांतलं एक बाळ लसीचं राहिलं नव्हतं, आणि याचा मला गर्व होता. तो मी लपवतही नव्हते.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी चढावर गाडीनं पहिला झटका दिला. शुक्रवारी बुलढाण्याला मीटिंग होती. राजूर घाटात तर तिनं असे आचके दिले की शेजारी बसलेल्या आमच्या आशा सेविका सिंधूताई पदर सावरून म्हणाल्या, "सिस्टर, गाडीले उचकी लागली. पानी पाजा तिले." समोर एक पिवळा दिवा लुकलुकत होता. मी हळूहळू घाट चढले, मीटिंग केली, परत आले आणि संध्याकाळी घरी सगळं जसंच्या तसं सांगितलं. न सांगता गाडी आवरणाखाली ढकलली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोरच्या बाकावर गाडीची तपासणी भरली. मुख्य तज्ज्ञ आमचे शेजारी शंकरराव. त्यांनी निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं एसटी चालवली, तिचा फुकट पास अजून खिशात असतो. एसटी डिझेलची, आमची गाडी पेट्रोलची, पण हा फरक त्यांना किरकोळ वाटतो. त्यांनी देवानंदरावांना गाडी चालू करायला लावली, सायलेन्सरपाशी उकिडवे बसले, डोळे मिटून दोन वेळा धूर ओढला आणि तिसऱ्यांदा खोकले.

"मिसिंग मारून राह्यली," ते म्हणाले.

गॅरेजवाल्यांच्या भाषेत इंजिनाचा ठोका चुकायला लागला की गाडी मिसिंग मारते. एवढं तर सिंधूताईंनी उचकी म्हणून आधीच सांगितलं होतं, आणि त्यांनी धूरही ओढला नव्हता.

"पेट्रोलात पानी हाय," शंकरराव म्हणाले. मग टाकीत कसलीशी बाटली ओतली गेली. उचकी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी निघालं की हवा अडते, म्हणून एअर फिल्टर बदलला. तिसऱ्या दिवशी बॅटरीची टोकं सँडपेपरनं घासून लख्ख केली. गाडी उचक्या देतच होती. पेट्रोल, हवा, बॅटरी, तिन्ही निर्दोष सुटले. आता संशयित म्हणून मी एकटीच उरले होते.

"सूनबाई क्लचवर पाय ठेवून चालवत असन," शंकरराव म्हणाले.

"मी नाही ठेवत. अन् ठेवला तरी क्लचचा आणि ठोका चुकण्याचा काय संबंध, काका?"

"संबंध कसा नाई? गाडी हाय ते, पाटा-वरवंटा नोहे."

बाकावरचे सगळे हसले. देवानंदराव सगळ्यात जास्त हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मी तं आधीच सांगत होतो. एकहाती गाडी होती. दुसरा हात लागला."

माझ्याकडे तापलेलं बाळ आणलं की मी पहिल्यांदा विचारते, कधीपासून? मग विचारते, त्याआधी काय झालं, काय खाल्लं, कुठं नेलं होतं? हे शाळेतल्या पोरीलाही सुचेल. त्या तीन दिवसांत बाकावरच्या एकाही शहाण्याला 'कधीपासून' हा प्रश्न सुचला नाही. त्यांचा प्रश्न एकच होता, 'कोणी'. त्याचं उत्तर त्यांच्याकडे आधीपासून तयार होतं.

त्याच संध्याकाळी किल्ली कॅलेंडरच्या खिळ्यावरून निघून देवानंदरावांच्या शर्टाच्या खिशात गेली. मिसिंग गाडी मारत होती, मिसिंग झाली ती किल्ली. मी मागितली तेव्हा म्हणाले, "आधी गाडी बरी होऊ दे. मंग पाहू."

"मंगळवारी लसीकरण आहे माझं."

"इतके वर्ष एसटीनं जातच होती ना?"

एसटी सव्वादहाला निघते आणि फाट्यावर सोडते. तिथून दोन किलोमीटर पायी, खांद्याला लसीची पेटी. उपकेंद्रावर पोचायला साडेअकरा वाजायचे, तोवर बाया बाळांना घेऊन शेतात गेलेल्या. सिंधूताई आणि मी कापसाच्या पऱ्हाटीतून वाट काढत त्यांना शोधत फिरायचो. काही सापडायच्या, काही सापडायच्या नाहीत. तीन आठवड्यांत सात बाळं लसीची राहिली. एका आईनं कमरेला बांधलेला कापसाचा ओटा तसाच ठेवून मला विचारलं, "सिस्टर, तुमी तं आठले येत होत्या. आता काऊन नाई येत?" मी तिला सांगितलं, गाडी बिघडली. माझा नवरा बिघडला हे कसं सांगणार? मला इतकी लाज वाटली की त्या रात्री मी घरात कोणाशी बोलले नाही. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

या तीन आठवड्यांत गाडी फक्त देवानंदराव चालवत होते. म्हणजे पुन्हा एकहाती. तरी उचक्या वाढतच होत्या. मी हे दाखवून दिलं तेव्हा म्हणाले, "एकदा लागलेली सवय लवकर जात नाई." गाडीला माझी सवय लागली म्हणे. आमच्या घरात मीठ जास्त पडलं तरी माझी सवय निघते, तेव्हा गाडीनं का मागे राहावं?

मग एका शनिवारी बियाणं कंपनीच्या मेळाव्याला जाताना मोताळ्याच्या चौकात गाडी बंद पडली. आचके देत देत, दहा ओळखीच्या माणसांसमोर. त्यातल्या चौघांनी ती ढकलली. माझ्या सात बाळांनी जे झालं नाही ते त्या चार माणसांनी केलं. घरी येऊन देवानंदराव म्हणाले, "उद्या नांदुऱ्याले नेतो. प्रेमानंदकडं मशीन हाय. तू बी चाल."

"मी कशाला?"

"मिस्त्रीच्या तोंडून ऐक एकदा. मी सांगतलं तं तुले पटत नाई."

म्हणजे मला निकाल ऐकायला नेत होते. रविवारी पुढे शंकरराव बसले, साक्षीदार म्हणून. मी मागे. मोताळ्यापासून नांदुऱ्यापर्यंत गाडी उचकत होती आणि दर उचकीला शंकरराव मान मागे वळवून माझ्याकडे बघत होते. मान दुखेल म्हणून मी त्यांना सांगितलंसुद्धा.

प्रेमानंदचं गॅरेज रेल्वे लाइनजवळ आहे. पस्तिशीचा माणूस, कमी बोलणारा. त्यानं हात पुसले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "कवापासून आहे हे?"

तीन आठवड्यांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला पुरुष. माझ्या मनात त्याच्याबद्दल एकदम माया दाटून आली.

"हिनं चालवायले घेतली तवापासून," देवानंदराव म्हणाले.

"दोन हात झाले गाडीले," शंकररावांनी पुरवणी जोडली.

"हात नाई इचारले, काका. दिवस इचारला."

मी सांगितलं. जूनपासून चालवते. चार महिने काही त्रास नाही. पहिला झटका दसऱ्यानंतरच्या मंगळवारी, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये. सपाटीला कमी, चढाला जास्त. पिवळा दिवा शुक्रवारपासून. आता उभ्या गाडीलाही थरथर. मी रुग्णाची माहिती देते तशी दिली आणि प्रेमानंद ती मान हलवत ऐकत होता. मध्येच देवानंदराव म्हणाले, "तिले काय समजते त्यातलं," पण त्याच वेळी मालगाडी आली आणि त्यांचं वाक्य डब्यांखाली गेलं.

मालगाडी निघून गेल्यावर प्रेमानंदनं स्टिअरिंगखाली मशीनची वायर जोडली. "तिसरं सिलेंडर," तो म्हणाला. "तिघं काम करून राह्यले, एक नाई. चौघांनी खाट उचलली अन् एकानं हात सोडला तं कशी हेलकावे खाते, तसं."

"मशीन काय, काही बी सांगते," शंकरराव म्हणाले. "काऊन सोडला हात, ते सांगते का?"

"ते पाहा लागते," प्रेमानंद म्हणाला, आणि त्यानं इंजिनावरचं काळं झाकण काढलं.

झाकणाखाली एका ओळीत चार कॉइल होत्या. प्लगला ठिणगी त्यांच्यातून मिळते, एवढं त्यानं आम्हाला समजावलं. तीन कॉइल बोल्टनं घट्ट बसलेल्या. तिसरीचा बोल्टच नव्हता. तो एकहाती डॉक्टरांच्या काळातच कुठंतरी पडला असणार. त्यामुळे ती कॉइल बोटभर उचललेली होती आणि तिच्या रबराखाली फट होती. प्रेमानंदनं तिला धरून ओढलं. ती चिकटली होती. दुसऱ्यांदा हलवून ओढली तेव्हा निघाली, आणि तिच्या टोकाला लाल चिखल होता.

प्रेमानंदनं टॉर्च लावून खड्ड्यात पाहिलं. मग चिमट्यानं एकेक वस्तू काढून वर्तमानपत्रावर ठेवली. झेंडूची वाळलेली पाकळी. हळदीत पिवळे झालेले तांदळाचे दोन दाणे. बाकी कुंकवाचा गाळ आणि गंज.

"इथं पूजा कोनं घातली?" त्यानं विचारलं.

शंकरराव खाली वाकून अक्षता न्याहाळायला लागले. मग देवानंदरावांचा चेहरा एकदम उजळला, आणि मला कळलं की आता माझ्यावर येणार.

"औक्षण तं हिनंच केलं होतं," ते म्हणाले.

"बायाच करतात औक्षण," शंकरराव म्हणाले. "म्हंजे हातच लागला शेवटी."

अक्षता मी टाकल्या होत्या, ते खरं. कुंकू माझ्याच ताटातलं, तेही खरं. सात बाळांचं पाप माझ्याच माथी येतंय की काय? मी त्या गाळाकडे पाहत राहिले. औक्षणाला मी कुंकू कोरडं वापरते, बोटानं लावते, ओतत नाही. मग इतकं वाहून आत गेलं कशानं? अन् मला दसऱ्याची सकाळ आठवली. झाकण काढलं कोणी, आणि झाकण काढताना काय म्हणाले, तेही आठवलं.

मी मोबाइल काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून नवऱ्याला फोन लावला. त्यांच्या खिशात बासरीची ट्यून वाजायला लागली. माझ्या मोबाइलवर त्यांचा फोटो आला. मी मोबाइल प्रेमानंदसमोर धरला.

देवानंदराव फोटोत झकास दिसत होते. पोट आत. एका हातात फोडलेला नारळ, तिरपा, इंजिनावर, आणि नारळातून पाण्याची धार लागलेली. चौथ्या वेळी बटण नेमकं त्या धारेवर दाबलं गेलं होतं. झाकण बाजूला टायरपाशी ठेवलेलं.

"झाकनाची कायले पूजा करू, खऱ्या इंजिनची करतो, असं म्हणाले होते," मी सांगितलं. "कुंकवाचं बोट मी लावलं. ते वाहून गेलं ते यांच्या नारळानं."

प्रेमानंदनं मोबाइल जवळ घेतला. एक बोट फोटोवर आणि एक बोट समोरच्या इंजिनावर ठेवून तो मोजायला लागला. "एक. दोन." मग थांबला, धार कुठं पडते ते पाहिलं आणि म्हणाला, "तीन."

खिशातली बासरी वाजतच होती. देवानंदरावांनी ती बंद केली.

"नारळाचं पानी रबराखाली गेलं," प्रेमानंद म्हणाला. "वाळलं, चिकटलं, कॉइल खाल्ली त्यानं. ठिनगी प्लगले जाच्या आधीच बाहेर पळते."

"अक्षता माझ्या आहेत," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं? "दोन दाणे."

"दोन दान्यानं कॉइल नाई सडत, सिस्टर."

शंकरराव उठले आणि रेल्वे लाइनकडे तोंड करून उभे राहिले. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला अचानक रेल्वेत रस वाटायला लागला. देवानंदराव म्हणाले, "धार्मिक गोष्ट हाय. त्यात चूक काय?" पण ते कोणाला म्हणाले ते ठरलं नव्हतं, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. मी वाट पाहत होते. तीन आठवडे, सात बाळं, बाकावरचं ते हसणं. एक शब्द तरी म्हणतील असं मला खरंच वाटलं होतं. ते मोबाइलमध्ये बोटं फिरवत बसले.

प्रेमानंदनं खड्डा धुऊन, हवा मारून कोरडा केला. नवी कॉइल, नवा प्लग आणि हरवलेल्या बोल्टच्या जागी बोल्ट. इंजिन चालू केलं तेव्हा थरथर नव्हती. झाकण बसवून बॉनेट लावलं, तसे देवानंदराव उठून ड्रायव्हरच्या दाराकडे निघाले.

"थांबा भाऊ," प्रेमानंद म्हणाला. "ट्रायल मारा लागते. पह्यला झटका कोनाले समजला होता?"

"मले," मी म्हणाले.

"मंग तुमीच मारा. ज्याले दुखनं म्हाईत, त्यालेच समजते बरं झालं का नाई. मोताळ्याच्या रोडनं दोन किलोमीटर जाऊन या."

त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. देवानंदरावांनी हात पुढे केला होता, तो त्यांनी केसांवरून फिरवला. मग म्हणाले, "हळू चालवजो." मी ऐकायचं तेवढंच राहिलं होतं जणू.

मी एकटी निघाले. बाजाराची गर्दी संपल्यावर दुसरा गिअर, मग तिसरा. पाय दाबला. गाडी गुमान पुढे गेली. मी चढ शोधून काढला आणि मुद्दाम तिसऱ्यातच चढवली. उचकी नाही, झटका नाही, पिवळा दिवा नाही. मंगळवारी आठला पोचायचं, सातही बाळांच्या आयांना आजच निरोप द्यायचा, सिंधूताईंना सांगायचं. मी काच खाली केली. इतकं बरं मला महिन्याभरात वाटलं नव्हतं.

दोन किलोमीटर झाले. वळायला मोकळी जागा होती, म्हणून मी गाडी हळू केली. तेवढ्यात समोर लावलेला मोबाइल वाजला. नाव देवानंदरावांचं, पण फोटो ओळखीचा नव्हता. गाडी गेली होती, नारळ गेला होता, आत घेतलेलं पोटही गेलं होतं. त्या गोलात आता गुलाबाचं फूल होतं.

गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा त्यांनीच मला घालून दिलेला नियम. मी तो पाळला. वळायची जागा मागे पडली आणि मी चौथा गिअर टाकला. नांदुऱ्याहून मोताळ्याची एसटी साडेचारला होती. शंकररावांना पास आहे, आणि देवानंदरावांना दांडी धरून उभं राहायला एक हात पुरतो.